झाडलोट आणि पहारा : पेशीच्या आतल्या घराची गोष्ट



नाळ कापली की नवजात जिवाचा आयता पुरवठा बंद पडतो. आईच्या रक्तातून येणारे अन्न थांबलेले असते आणि दूध अजून पोटात गेलेले नसते. मधल्या त्या काही तासांत अंगातल्या पेशी जगतात कशावर? 2004 साली जपानमध्ये नोबोरू मिझुशिमा, आकिको कुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांमध्ये हा प्रश्न तपासला. पिल्लू जन्मताच त्याच्या हृदयातल्या, श्वासपटलातल्या, फुप्फुसातल्या पेशी स्वतःच्याच आतली प्रथिने गुंडाळून पचवू लागतात आणि त्यातून सुटलेल्या अमिनो आम्लांवर निभावून नेतात. दिवस-दोन दिवसांत दूध अंगी लागले की हे काम पुन्हा मंदावते. ज्या पिल्लांमधले एटीजी-5 हे एकच जनुक काढून टाकले होते, ती दिसायला धडधाकट जन्मली आणि एका दिवसाच्या आत मेली.

पेशीने आपल्यातलाच भाग गुंडाळावा, पचवावा आणि पुन्हा वापरात आणावा, या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. मराठीत स्वभक्षण. भुकेच्या वेळी हीच क्रिया शिधा पुरवते. एरवी ती मोडकी प्रथिने आणि जीर्ण अंगके उचलून पेशीची झाडलोट करते. तिचे तिसरे काम सर्वांत उशिरा लक्षात आले. पेशीत जंतू शिरला तर हीच यंत्रणा त्यालाही गुंडाळून पचवायला नेते. तिला त्या कामी बोलावतात ते जंतू ओळखणारे पहारेकरी रेणू. त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही.

झाडलोट पेशीविज्ञानाच्या पुस्तकात शिकवली जात होती आणि पहारा रोगप्रतिकारशास्त्राच्या. दोन्ही कामे एका घरातली आहेत हे कळेपर्यंत जवळजवळ अर्धे शतक गेले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षयाचा जंतू नेमका आपल्या पेशींच्या आत बिऱ्हाड करतो. म्हणून ही गोष्ट आपण लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे.

तिची सुरुवात एका फ्रीजपासून होते. 1949 च्या सुमारास बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात ख्रिश्चन द दूव्ह इन्शुलिनचा यकृतावर होणारा परिणाम अभ्यासत होते. उंदराचे यकृत वाटून त्यातली निरनिराळी विकरे मोजायची, असे काम होते. अ‍ॅसिड फॉस्फटेज नावाचे एक विकर ताज्या नमुन्यात अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले. तोच नमुना काही दिवस फ्रीजमध्ये राहिला आणि पुन्हा मोजला तेव्हा आकडा चढला होता. शिळ्या वाटणात विकर वाढले कसे? दुसरा कोणी असता तर मोजमापातली चूक समजून त्याने नमुना फेकून दिला असता. द दूव्ह यांनी विचार केला तो असा: हे विकर पेशीत मोकळे नसावे. ते कुठल्या तरी पिशवीत बंद असावे आणि दिवस जातील तशी पिशवी फाटून बाहेर येत असावे. 1955 मध्ये त्यांनी त्या पिशवीला लायसोसोम हे नाव दिले. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला लयकारिका म्हणतात. ‘आत्मघाती पिशवी’ हे तिचे वर्णन अनेकांनी परीक्षेसाठी पाठही केले असेल.

लयकारिकेच्या पोटात काय असते? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही पिशव्यांमध्ये पेशीचीच अंगके दिसू लागली, कधी तर अख्खी तंतुकणिका. 1963 मध्ये लंडनला झालेल्या एका परिसंवादात द दूव्ह यांनी या प्रकाराला ग्रीक शब्द जोडून ऑटोफॅजी हे नाव दिले. 1974 चे नोबेल पारितोषिक त्यांना आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पॅलाडे यांच्यासोबत मिळाले.

पुढची जवळजवळ तीस वर्षे हा विषय फारसा हलला नाही. सूक्ष्मदर्शकातून स्थिर चित्र दिसे, पण कोणती प्रथिने हे काम करतात आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे चित्रातून कळत नव्हते. ते कळायला जनुके हाती लागावी लागतात.

ती हाती लागली यीस्टमध्ये. योशिनोरी ओसुमी 1945 साली जपानच्या फुकुओका शहरात जन्मले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडेलमन यांच्याकडे काम करून ते तोक्योला परतले. 1988 मध्ये त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली तेव्हा त्यांचे वय 43 होते. ज्या विषयाभोवती गर्दी आहे तिथे धावायचे नाही, हा त्यांचा स्वभाव त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवला आहे. त्यांनी निवडली यीस्टची रिक्तिका. यीस्टच्या पेशीत ही रिक्तिका लयकारिकेचे काम करते. तेव्हाचे बहुतेक संशोधक तिला पेशीचा उकिरडा समजून सोडून देत.

अडचण अशी होती की रिक्तिकेत आलेला माल विकरे लगेच फस्त करतात, त्यामुळे पाहायला काही उरतच नाही. ओसुमी यांनी पचनाची विकरेच नसलेले यीस्ट घेतले आणि ते नायट्रोजन नसलेल्या द्रावणात उपाशी ठेवले. पुढे बांध घातला की ओढ्याचे पाणी मागे तुंबते. इथेही तसेच झाले. येणारा माल येत राहिला, पचणारा पचेना. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली आणि त्या गोळ्या आत सारख्या थरथरताना दिसू लागल्या. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला नाही. प्रयोगशाळेतला साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक पुरला. हे निरीक्षण 1992 मध्ये प्रसिद्ध झाले.

मग खरी मेहनत सुरू झाली. मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीसह ओसुमी यांनी रसायनाने यीस्टच्या जनुकांत बदल घडवले आणि सुमारे 38 हजार नमुने चाळून उपासमारीत गोळ्या न बनवणारे यीस्ट शोधले. 1993 मध्ये त्यांनी अशा 15 जनुकांची यादी छापली. त्याच सुमारास जर्मनीत मिखाएल थुम आणि अमेरिकेत डॅनियल क्लिओन्स्की वेगळ्या मार्गांनी त्याच जनुकांपाशी पोचत होते. पुढे सर्वांनी मिळून एटीजी हे एकच नाव स्वीकारले. आज अशी चाळीसहून अधिक जनुके माहीत आहेत. 2016 चे वैद्यकाचे नोबेल ओसुमी यांना एकट्याला मिळाले.

या जनुकांनी बनवलेली प्रथिने काय करतात, हे ओकाझाकी येथील संस्थेत ओसुमी यांच्या गटाने उलगडले. आधी पेशीद्रवात पटलाची एक उथळ वाटी तयार होते. तिचे काठ वाढत वाढत मालाभोवती मिटतात आणि दोन पदरी पिशवी बनते. ही पिशवी लयकारिकेत मिसळली की आतला माल पचतो. वाटीचे पटल वाढवायला एटीजी-12 हे प्रथिन एटीजी-5 ला कायमचे जोडले जाते आणि एटीजी-8 हे प्रथिन मेदाच्या रेणूला चिकटवले जाते. माणसातल्या एटीजी-8 च्या भावंडाला एलसी-3 म्हणतात. त्याला हिरवे चमकणारे प्रथिन जोडले की जिवंत पेशीत पिशव्या ठिपक्यांसारख्या उजळतात. आज जगभर स्वभक्षण पाहायची सर्वांत रुळलेली रीत हीच आहे.

आता दुसरी वाट, पहाऱ्याची. ती मुंबईहूनही जाते.

1882 मध्ये इटलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशी जमलेल्या होत्या. शरीरातल्या काही पेशी परक्या गोष्टी गिळून शरीराचे रक्षण करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि भक्षक पेशींचा सिद्धान्त उभा राहिला. ओडेसामध्ये मेचनिकोव्ह यांच्याकडे शिकलेला एक तरुण पुढे पॅरिसला त्यांच्यामागे गेला. तो वाल्डेमार हाफकिन. 1896 च्या प्लेगात हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव सांगते.

भक्षक पेशी जंतू गिळते हे मेचनिकोव्ह यांनी दाखवले. पण समोरचा कण जंतू आहे हे तिला कळते कसे? हा प्रश्न शंभर वर्षे मागे राहिला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्ये तो पुढे आणला. शुद्ध प्रथिनाची लस एकटी टोचली तर शरीर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यात मेलेल्या जंतूंचे अवशेष किंवा तसले काही मिसळावे लागते. हे सर्वांना माहीत होते, पण असे का, याचे उत्तर कोणी शोधत नव्हते. जंतूंच्या अंगावर जे असते आणि आपल्या अंगात नसते, नेमके तेच ओळखणारे ग्राही पेशींवर असले पाहिजेत, असे जेनवे यांनी एका लेखात मांडले. तो केवळ अंदाज होता. एकही ग्राही हाती नव्हता. हा लेख मॉस्कोमध्ये रुस्लान मेद्झितोव या विद्यार्थ्याने वाचला. त्याने पत्रव्यवहार केला आणि पुढे तो येलला जेनवे यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाला.

पहिला पुरावा आला माशीकडून. टोल हे जनुक जर्मनीत क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोल्हार्ट यांना फळमाशीच्या भ्रूणात सापडले होते. माशीची पाठ कुठली आणि पोट कुठले हे ते ठरवते. स्ट्रासबुर्गमध्ये जूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र यांनी 1996 मध्ये टोल बिघडलेल्या माश्यांना बुरशीचा संसर्ग दिला. त्या माश्या मेल्या आणि त्यांच्या अंगावर बुरशीचे तंतू उगवलेले छायाचित्र जगभर पाहिले गेले. 1997 मध्ये मेद्झितोव आणि जेनवे यांनी माणसातला टोलसारखा ग्राही दाखवला. 1998 मध्ये डॅलसमध्ये ब्रूस बॉयटलर यांना कळले की जंतूंच्या आवरणातले विष काही उंदरांना बाधत नाही, कारण त्यांचा टीएलआर-4 हा ग्राही बिघडलेला असतो. माणसात असे दहा टोल ग्राही आहेत. टीएलआर-4 जंतूंच्या आवरणातला मेद-शर्करेचा रेणू ओळखतो, टीएलआर-5 शेपटीचे प्रथिन, टीएलआर-7 विषाणूंचा आरएनए, टीएलआर-9 जंतूंचा डीएनए. याखेरीज नॉड-2 सारखे ग्राही पेशीद्रवात राहून जंतूंच्या भिंतीचे तुकडे हुंगतात.

इथे थोडे थांबणे योग्य ठरेल. जेनवे 2003 मध्ये गेले. 2011 चे नोबेल बॉयटलर, हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन यांना जाहीर झाले तेव्हा स्टाइनमन यांना जाऊन तीन दिवस झाले होते, आणि समितीला ते ठाऊक नव्हते. स्वतःच शोधलेल्या डेंड्रायटिक पेशींच्या आधारे ते आपल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजत होते. पारितोषिक त्यांच्या नावावर कायम ठेवले गेले. जेनवे आणि मेद्झितोव यांचे नाव यादीत नसल्याची खंत अनेक रोगप्रतिकारशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून नोंदवली. ती खंत योग्यच होती. ग्राही असणार हे सांगणारा माणूस पहिला, आणि तो माणसात दाखवणारे हात त्याच्याच प्रयोगशाळेतले.

दोन्ही वाटा एकत्र यायला 2004 हे साल उजाडले. तामोत्सु योशिमोरी यांच्या गटाने दाखवले की घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पेशीद्रवात निसटला, तरी स्वभक्षणाच्या पिशव्या त्याला घेरतात. एटीजी-5 नसलेल्या पेशींत तेच जंतू माजतात. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोत व्होयो देरेतिच यांच्या प्रयोगशाळेत मॅक्सिमिलियानो गुटिएरेझ यांनी क्षयाच्या जंतूवर प्रयोग केला. हा जंतू भक्षक पेशीने गिळला तरी मरत नाही. आपण ज्या पिशवीत आहोत ती लयकारिकेपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था तो करतो. गुटिएरेझ यांनी संसर्ग झालेल्या पेशी उपाशी ठेवल्या, किंवा रॅपामायसिन हे औषध देऊन त्यांचे स्वभक्षण वाढवले. पिशव्या लयकारिकेपर्यंत पोचल्या आणि जंतूंची संख्या घटली.

मग ग्राहींचा या यंत्रणेशी थेट संबंध दिसू लागला. टीएलआर-7 पेशीच्या आतल्या पिशवीत असतो, तर काही विषाणूंचा आरएनए बनतो पेशीद्रवात. पुरावा रस्त्यावर आणि पहारेकरी बंद खोलीत, अशी स्थिती. 2007 मध्ये येलच्या आकिको इवासाकी यांच्या गटाने सांगितले की स्वभक्षणाची पिशवी पेशीद्रवातला हा पुरावा उचलून ग्राहीच्या खोलीत पोचवते. एटीजी-5 नसलेल्या पेशींना असा विषाणू ओळखताच आला नाही. उलट दिशेचा निरोपही लवकरच सापडला. 2010 मध्ये असे दिसले की जंतू जिथून पेशीत शिरतो तिथे नॉड-2 हा ग्राही एटीजी-16-एल-1 या प्रथिनाला बोलावून आणतो आणि वाटी तिथेच बनू लागते.

यातला सर्वांत देखणा तपशील केंब्रिजच्या फेलिक्स रँडो यांच्या प्रयोगशाळेतून 2012 मध्ये आला. साल्मोनेला गिळला गेल्यावर आपली पिशवी फोडून बाहेर पडू पाहतो. पेशीच्या पिशव्यांच्या आतल्या बाजूला विशिष्ट शर्करा असतात. पिशवी धड असेपर्यंत त्या पेशीद्रवाला दिसत नाहीत. ती फुटली की आतली बाजू उघडी पडते, गॅलेक्टिन-8 हे प्रथिन त्या शर्करांना चिकटते आणि एनडीपी-52 या दुसऱ्या प्रथिनाला खेचून आणते. एनडीपी-52 चे एक टोक एलसी-3 ला धरते आणि स्वभक्षणाच्या पिशवीचा पापुद्रा तिथे ताणला जातो. इथे पेशीला जंतूचा चेहरा ओळखावा लागत नाही. घरातले मडके फुटलेले दिसले, एवढ्यावरून ती चोर आल्याचे ताडते.

जंतूंनीही आपली वाट काढली आहे. हगवणीच्या शिगेलाच्या अंगावर व्हिरजी नावाचे प्रथिन असते आणि एटीजी-5 त्याला पकडू पाहते. शिगेला आयसीएसबी हे आणखी एक प्रथिन सोडून ती जागा झाकतो. 2005 मध्ये तोक्योच्या चिहिरो सासाकावा यांच्या गटाने हे दाखवले. लेजिओनेला तर त्याहून पुढे जातो. तो रॅव्हझेड नावाचे विकर सोडतो आणि ते एलसी-3 ला मेदापासून कायमचे कापून टाकते. जंतूंना इतकी खटपट करावी लागते, यावरूनच या यंत्रणेचे मोल कळते.

ही यंत्रणा बिघडली तर काय होते, हे माणसांच्या आजारातून दिसते. क्रोन हा आतड्याच्या दीर्घ दाहाचा आजार. 2001 मध्ये त्याचा नॉड-2 जनुकाशी संबंध सापडला आणि 2007 मध्ये एटीजी-16-एल-1 शी. या प्रथिनाच्या 300 व्या जागेवर थ्रिओनीनऐवजी अ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल आले की धोका वाढतो. म्हणजे क्रोनने बोट दाखवलेल्या जनुकांमध्ये एक ग्राहीचे निघाले आणि एक स्वभक्षणाचे, आणि पुढे कळले की ती दोन्ही प्रथिने एकमेकांचा हात धरून काम करतात.

पण युरोपीय वंशाच्या लोकांत हा 300 व्या जागेवरचा बदल सर्रास आढळतो आणि त्यातल्या बहुतेकांना क्रोन होत नाही. याचा एक धागा सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हाती आला. तिथे एटीजी-16-एल-1 कमी असलेल्या उंदरांच्या आतड्यातल्या पॅनेथ पेशी बिघडलेल्या दिसल्या होत्या. हेच उंदीर अधिक निर्जंतुक जागी वाढवले तेव्हा बिघाड नाहीसा झाला. तपास करता कारण निघाले उंदरांतला नोरोव्हायरस. तो दिल्यावर बिघाड परत आला. जनुकाचा दोष आणि संसर्ग एकत्र आले तेव्हाच आजाराचे लक्षण उमटले. भारतीय रुग्णांची गोष्ट आणखी वेगळी आहे. युरोपात सापडलेले नॉड-2 चे प्रमुख बदल भारतीय क्रोन रुग्णांत क्वचितच आढळतात. परदेशातल्या जनुकांची यादी आपल्या रुग्णांना जशीच्या तशी लावता येत नाही, म्हणून हे संशोधन आपल्याकडे, आपल्या माणसांवर व्हायला हवे.

ते होतेही आहे. क्रोनशी जोडलेल्या आयआरजीएम या तिसऱ्या जनुकावर संतोष चौहान यांनी आधी देरेतिच यांच्याकडे आणि नंतर भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये काम केले. 2019 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की आयआरजीएम दाह पेटवणाऱ्या एनएलआरपी-3 या ग्राहीची जुळणी रोखते आणि त्याला स्वभक्षणाकडे पाठवून पचवूनही टाकते. पहारेकऱ्याने आरोळी ठोकणे जितके गरजेचे, तितकेच ती वेळेवर थांबवणेही. ते काम पुन्हा झाडलोट करणाऱ्याकडेच आले. बंगळुरूला रवी मंजिथया यीस्टच्या आधारे स्वभक्षणाचा अभ्यास करतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत भूपेंद्र श्रावगे फळमाशीतल्या स्वभक्षणावर काम करतात. 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज तीच माशी पाळली जाते, जिने टोलची ओळख करून दिली.

आता क्षयाकडे परत येऊ, कारण इथे विज्ञानाचे पाऊल सरळ पडलेले नाही. 2004 च्या प्रयोगाने मोठी आशा निर्माण केली. 2012 मध्ये उंदरांवरच्या कामानेही तिला दुजोरा दिला. मग 2015 मध्ये सेंट लुईसच्या गटाने दाखवले की उंदरात एटीजी-5 काढले तर क्षय भयंकर बळावतो खरा, पण स्वभक्षणाची इतर जनुके काढली तर तसे होत नाही. एटीजी-5 चे काम स्वभक्षणापलीकडचे होते. ते न्यूट्रोफिल पेशींमार्फत होणारा दाह आवरत होते. दहा वर्षांचा सोपा अर्थ डळमळला. त्यानंतर 2023 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये, मूळपेशींपासून बनवलेल्या मानवी भक्षक पेशींवर काम करणाऱ्या गटाने सांगितले की एटीजी-7 आणि एटीजी-14 ही जनुके क्षयाच्या जंतूची वाढ खरोखर रोखतात. त्या गटाचे प्रमुख होते मॅक्सिमिलियानो गुटिएरेझ. 2004 चा प्रयोग ज्यांनी केला, तेच एकोणीस वर्षांनी अधिक चांगल्या साधनांनिशी त्याच प्रश्नाकडे परतले होते.

वादाची ही वीस वर्षे आपल्याला माहीत असायला हवीत, कारण घरोघरी पोचलेला ऑटोफॅजी हा शब्द मात्र वादाविना पोचला आहे. 2016 च्या नोबेलनंतर मराठी समाजमाध्यमांवर ‘उपवासाला नोबेल मिळाले’ अशा आशयाचा मजकूर फिरू लागला आणि सोळा तासांच्या उपाशी राहण्याने कर्करोगही पळतो, इथवर तो गेला. ओसुमी यांनी उपाशी ठेवले होते यीस्टला, आणि तेही नायट्रोजनावाचून. उंदरात उपासाने अनेक अवयवांतले स्वभक्षण वाढते, हे खरे. पण किती तासांच्या उपासाने माणसाच्या कोणत्या अवयवात ते किती वाढते, हे सांगणारी रक्ताची साधी तपासणी आजही उपलब्ध नाही. उपवास ज्याने त्याने श्रद्धेने करावा, वजनासाठी करायचा तर डॉक्टरांना विचारून करावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने आणि क्षयाच्या रुग्णाने नोबेलचे नाव ऐकून अन्न सोडू नये. क्षयात कुपोषण हा मोठा शत्रू आहे.

जीवनसत्त्व डी ची कहाणीही हेच शिकवते. टोल ग्राही जागे झाले की भक्षक पेशी डी च्या मदतीने जंतुनाशक प्रथिन बनवतात, हे 2006 मध्ये कळले. त्यातून स्वभक्षणही वाढते, हे 2009 मध्ये. ताटलीतल्या पेशींत दोन्ही वाटांचा सुरेख मेळ बसला. मग मंगोलियात 8,851 शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाचणी झाली आणि 2020 मध्ये निकाल आला: डी देऊन क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. पेशीतले सत्य आणि माणसातले औषध यांच्यामध्ये अशा चाचण्यांचा पूल बांधावाच लागतो.

कर्करोगात तर तीच यंत्रणा दोन्हीकडून लढते. अमेरिकेत बेथ लेव्हीन विषाणूचा अभ्यास करताना बेक्लिन-1 या प्रथिनापाशी पोचल्या. यीस्टमधल्या एटीजी-6 चे हे मानवी भावंड. 1999 मध्ये त्यांनी दाखवले की बेक्लिन-1 पुन्हा पुरवले तर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते. सस्तन प्राण्यातले स्वभक्षणाचे जनुक पहिल्यांदा आजाराशी जोडले गेले ते इथे. मात्र एकदा गाठ वाढली की तीच गाठ उपासमारीत तगण्यासाठी स्वभक्षण वापरते. म्हणून आज हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन देऊन ते रोखण्याच्या चाचण्याही होत आहेत. लेव्हीन स्वतः 2020 मध्ये साठाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. ज्या आजारावर त्यांनी प्रकाश टाकला, त्याच आजाराने त्यांना नेले. अखेरपर्यंत त्या या विषयाच्या आघाडीवर होत्या.

ओसुमी यांनी नोबेल मिळाल्यावर 2017 मध्ये स्वतःच्या नावाची एक संस्था काढली. ज्याचा उपयोग आज सांगता येत नाही अशा मूलभूत संशोधनाला ती मदत करते. त्यांच्या देशात असे संशोधन आटत चालल्याची चिंता त्यांनी वारंवार बोलून दाखवली आहे. आपल्याकडे ती चिंता अधिकच खरी आहे.

या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत, विद्यार्थीही आहेत. त्यांना एकच विनंती. वाण्याकडे पावासाठीचे सुके यीस्ट मिळते. कोमट साखरपाण्यात चिमूटभर यीस्ट घालून अर्धा तास ठेवावे, त्यातला एक थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाची तेलात बुडणारे मोठे भिंग लावून शांतपणे पाहावे. गोल पेशीच्या आत आणखी एक फिकट गोल दिसेल. ती रिक्तिका. मुलांनी ती पाहिल्यावर ती परीक्षेत किती गुणांना येईल हे त्यांना सांगू नये. आत काय दिसते, एवढेच विचारावे आणि त्यांचे उत्तर संपेपर्यंत थांबावे.